आज्जींची औषधं लिहून ठेवायची असतील तर आधी माळावर चला

अथणी तालुक्यातल्या एका मराठी शाळेवर शिकवणाऱ्या बाईंचा हा प्रश्न. त्यांच्या आजेसासूबाई धनगराच्या घरातल्या, वय पंच्याऐंशीच्या पुढं. उभा जन्म गावाबाहेरच्या माळावरची मुळी आणि पाला देत आल्या, माणसांना आणि मेंढरांनाही. आता गुडघे गेलेत, नावं आठवायला वेळ लागतो. बाईंनी तीन गोष्टी विचारल्यात. आज्जींच्या औषधांची यादी कशी करावी? ती सगळ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून मोबाइलवर पाठवावी का? आणि ग्रामपंचायत त्या ‘पडीक’ माळावर झाडं लावणार आहे, त्यानं औषधी वनस्पती वाढतील का?

बाई, तुम्हाला हे विचारावंसं वाटलं याचा मला फार आनंद झाला. मी आयुर्वेदाची वैद्य. एकतीस वर्षं निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात दवाखाना चालवते, आणि कॉलेजात जे शिकायला मिळालं नाही ते अशाच आज्ज्यांकडून, मेंढक्यांकडून शिकले. तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीलाच सांगते, वहीत दोन रकाने आखू नका. डावीकडे रोग, उजवीकडे वनस्पती, अशा वह्या मी पहिल्या काही वर्षांत भरभरून लिहिल्या. पुढं त्या उघडून बघितल्या तेव्हा एकीचाही उपयोग होईना. ‘कावीळ – भुईआवळा’ एवढं वाचून काय कळणार? अख्खं रोप की नुसती मुळी? ओलं की वाळलेलं? ताकात की दुधात? किती दिवस? आणि कुणाला द्यायचं नाही? आज्जींना विचारा, त्या म्हणतील, “देत्ये की, पण पोटुशीला न्हाई.” किंवा “द्याचं, पण ताप असताना न्हाई.” आज्जींचं खरं शहाणपण त्या ‘पण’मध्ये आहे. यादी करताना नेमका तोच शब्द गळतो.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात याबद्दल फार मोलाचं बोललंय. शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुरं राखणारे आणि रानात राहणारे लोक औषधींना नावानं आणि रूपानं ओळखतात, असं तिथं म्हटलं आहे. म्हणजे ज्या ग्रंथावर आमची सगळी परीक्षा बेतलेली, तोच ओळख शिकायला मेंढपाळांकडे बोट दाखवतो. पण लगेच पुढं असंही आहे की नुसतं नाव आणि रूप कळल्यानं औषधी कळली असं होत नाही. देश, काळ आणि माणूस पाहून तिची योजना कळली पाहिजे. तुमच्या आज्जींच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. ओळखही त्यांचीच, योजनाही त्यांचीच. वहीत दोन्ही उतरल्या पाहिजेत.

आता माळाकडे वळू, कारण माळ समजला नाही तर औषध समजत नाही.

आपला बेळगाव जिल्हा म्हणजे पावसाचा उतारच आहे. पश्चिमेला कणकुंबीत, मलप्रभा जिथं उगम पावते तिथं, काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. दीड-दोनशे किलोमीटरवर तुमच्या अथणीत पाच-सहाशेवर येतो. खानापूरचं रान दाट, बेळगावच्या भोवती जांभ्या दगडाचे सडे, हुक्केरी-गोकाककडे तांबडी खडकाळ जमीन, आणि अथणी-रायबागकडे मुरमाड माळ. कुसळीचं गवत, पवना, मारवेल, मधूनच एखादं हिवर, बोर, आपटा, कुठं पळस. शाळेच्या पुस्तकात आफ्रिकेचा सव्हाना म्हणून चित्र असतं ना, गवत आणि विखुरलेली झाडं, तेच आपलं माळरान.

या माळावर वर्षातले सात-आठ महिने पाऊस नाही. मार्चनंतर गवत वाळून पिवळं पडतं, मेंढरं ते खुरटून खातात, कधी वणवा फिरतो. इथं टिकायचं तर झाडोऱ्याला एकच उपाय, आपली पुंजी जमिनीखाली ठेवायची. म्हणून माळावरच्या कितीतरी वनस्पती मुळात, कंदात, गड्ड्यात जगतात. शतावरीची मुळं झुबक्यानं खाली पसरलेली असतात. उपळसरीची, म्हणजे अनंतमुळाची, काडीएवढी मुळी दगडाच्या भेगेत हातभर शिरलेली असते. घेटुळीचं मूळ तर असं खोल जातं की उपसताना दम लागतो. खरपुडीच्या, म्हणजे कंदीलफुलाच्या, वेलीचा कंद पावसाळ्यात चार पानं वर काढतो आणि दिवाळीनंतर पुन्हा दडून बसतो. मेंढकी पोरं हे कंद उकरून खायची.

म्हणूनच आपल्या बाजूच्या मेंढपाळांच्या औषधांत मुळी आणि साल यांचा भरणा आहे. खानापूरच्या रानात वर्षभर हिरवा पाला मिळतो, तिथला जाणता पाल्यावर बोलतो. अथणीचा जाणता मुळीवर बोलतो. आणि मुळी खणायची म्हणजे ती जागा पाठ असावी लागते, कारण औषध लागतं तेव्हा, ऐन उन्हाळ्यात, वर काडीही दिसत नाही. मी एका म्हाताऱ्या मेंढक्याबरोबर एप्रिलमध्ये रायबागच्या पलीकडे फिरले आहे. उघडा, भाजलेला मुरूम. मामा एका दगडापाशी थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, “हितं खणा.” वीतभर खाली उपळसरी. मोडली तर तो गोड वास. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणाले, “श्रावणात बघून ठेवल्याली असती न्हवं.” श्रावणात बघायचं आणि चैत्रात खणायचं! हे लिहिणार कुठल्या रकान्यात?

तेव्हा पहिलं काम करा. आज्जींना माळावर न्या. बैलगाडीत बसवून, गाडीत बसवून, पण न्या. घरात बसून विचाराल तर त्यांना दहा नावं आठवतील. माळावर पाय ठेवला की पाय आणि नाक बोलायला लागतात, आणि दहाची चाळीस होतात. वर्षातून किमान तीनदा जा. श्रावण-भाद्रपदात सगळं फुलावर असतं तेव्हा, दसऱ्याच्या सुमारास बी धरतं तेव्हा, आणि चैत्रात. तुमच्या शाळेतली चार मोठी मुलं बरोबर घ्या.

नावं लिहिताना कानडीही लिहा. आपल्या सीमाभागात एकाच रोपट्याला दोन्ही भाषांत हाक मारतात आणि दुसऱ्या भाषेतलं नाव बऱ्याचदा ज्ञानच सांगतं. शतावरीला कानडीत ‘हलवु मक्कळ तायी’ म्हणतात, पुष्कळ लेकरांची आई. मुळांचा झुबका बघून नाव पडलं म्हणा, की बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात त्यावरून म्हणा. एका नावात रूपही आलं आणि उपयोगही. भुईआवळा तिकडं ‘नेलनेल्ली’, अर्थ अक्षरशः तोच. मुरडशेंगेला ‘एडमुरी’, म्हणजे डावा पीळ. कांडवेल ‘मंगरवळ्ळी’, गुळवेल ‘अमृतबळ्ळी’, उपळसरी ‘सोगदे बेरु’, तरवड ‘आवरिके’. आज्जी जत्रेला चिंचलीच्या मायाक्काला जात असतील तर तिथं महाराष्ट्रातले धनगर आणि कर्नाटकातले कुरुब एकत्र उतरतात. औषधांची देवघेव अशाच ठिकाणी झालेली आहे. माणूस मराठी की कानडी हे मुळीनं कधी विचारलं नाही, आणि वहीनंही विचारू नये.

नावांच्या बाबतीत एक मोठा धोका मात्र आहे. एका नावाखाली दोन-तीन वनस्पती असतात. शंखपुष्पी म्हणून कुणी विष्णुक्रांता देतं, कुणी गोकर्ण, कुणी तिसरीच वेल. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, पण तिच्या जागी विषखापरा विकला जातो. उपळसरीच्या नावानं बाजारात काळ्या मुळीच्या वेगळ्याच वेली येतात. २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ती गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असावी. वाद चालत राहील. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की वेल कुठली, हे खात्रीनं सांगणारं माणूस त्या घरांत नव्हतं. जुन्या काळी आणणारा आणि देणारा एकच असायचा. आता आणणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि पिणाऱ्याला ती वेल वाटेत भेटली तरी ओळखता येत नाही.

म्हणून नावाबरोबर नमुना ठेवा. फूल किंवा फळ असलेली फांदी, छोटं रोप असेल तर मुळासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा. कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. त्यावर तारीख, जागा, आज्जींनी सांगितलेलं नाव. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, २००६ साली प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून किंवा तिथल्या जाणकारांकडून शास्त्रीय नाव ताडून घ्या. ते नाव मिळालं की नेलनेल्ली आणि भुईआवळा एकच, हे कुणालाही पटवता येतं.

एकाच वनस्पतीचा कुठला भाग, हे तर सोन्याच्या काट्यावर तोलून लिहा. गुंजेचा पाला गोड लागतो, घसा बसला की चघळतात, पानाच्या विड्यातही घालतात. त्याच वेलीचं लाल-काळं बी जहाल विष आहे. फुटलेलं एखादं बी पोटात गेलं तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. कळलावी घ्या. भाद्रपदात तिची आगीच्या ज्वाळेसारखी फुलं आपण गौरीला वाहतो, ‘गौरीचे हात’ म्हणतो. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. कळा याव्यात म्हणून जुन्या सुइणी तो वापरायच्या, नावच त्यावरून पडलंय. पण कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात ‘कळलावी – बाळंतपणासाठी’ अशी ओळ पडली तर काय होईल, विचार करा. आज्जींनी अशी काही औषधं सांगितली तर ती जरूर लिहा, पण लाल शाईनं, आणि त्यावर ‘करायचं नाही’ असं ठळक लिहा.

मात्रेबद्दलही तेच. आपल्या बायकांनी मात्रा फार हुशारीनं बांधून ठेवलेली होती. बाळगुटी आठवा. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, सगळं सहाणेवर उगाळायचं, आणि मोजायचं वेढ्यांनी. महिन्याच्या पोराला एक वेढा, पुढं वाढवत न्यायचे, वेखंडाचा तर नुसता स्पर्श. चमचा नाही, ग्रॅम नाही, पण हात चुकत नव्हता. आज तीच गुटी भुकटी करून चमच्यानं देतात आणि पोरं आजारी पडून दवाखान्यात येतात. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, हे आता पक्कं ठरलेलं आहे, मीही माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेकीला तेच सांगते. पण वेढ्याची रीत नोंदवून ठेवा. तिच्यात कमी देण्याचं भान आहे, आणि ते भान मला औषधाइतकंच जपण्यासारखं वाटतं.

आज्जींना आणखी एक विचारा, झाडाला आवतण देत होता का? पूर्वी मुळी काढायच्या आदल्या सांजेला झाडाला हळद-कुंकू, अक्षता वाहून ‘उद्या तुला न्यायला येतो’ म्हणून सांगायची पद्धत होती. पहाटे जाऊन काढायची, पहिलं दिसलेलं झाड सोडून द्यायचं, सगळी मुळी घ्यायची नाही. मी तरुण असताना याकडे दुर्लक्ष केलं. नंतर कळलं, आवतण म्हणजे त्याच झाडापाशी दोनदा जाणं, एकदा संध्याकाळच्या उजेडात आणि एकदा सकाळच्या. ओळख पक्की होते. पहिलं सोडायचं म्हणजे तिथं दुसरं असलंच पाहिजे, नसेल तर रिकाम्या हातानं परतायचं. शतावरीचा गड्डा ठेवून कडेची मुळं घ्यायची आणि खड्डा पुन्हा मातीनं बुजवायचा, कुड्याची साल खोडाभोवती गोल न सोलता फांदीची पट्टी काढायची, हे सगळं त्याच रीतीत बसतं. औषध कधी काढायचं याचे नियम चरकातही आहेत. मुळं उन्हाळ्यात किंवा शिशिरात, साल-कंद-चीक शरदात, कोवळा पाला पावसाळ्यात आणि वसंतात. मामांची ऐन उन्हाळ्यातली उपळसरी याच नियमात बसते, आणि मामांना अक्षर वाचता येत नव्हतं.

सण तर दरवर्षीची उजळणीच होते. गणपतीला एकवीस पत्री गोळा करायच्या म्हणजे आघाडा, माका, डोरली, शमी, विष्णुक्रांता ओळखता आल्या पाहिजेत. घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागते. आता बाजारात पत्रीची जुडी मिळते, तिच्यात काय बांधलंय ते बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शाळेतल्या मुलांकडून एक वर्ष तरी पत्री माळावरून आणवा. माझी खात्री आहे, एका दुपारी मुलं जेवढं शिकतील तेवढं महिनाभर वर्गात शिकणार नाहीत.

मेंढरांची औषधं वेगळ्या पानावर घ्या आणि त्यांना दुय्यम समजू नका. धनगराचं वनस्पतीज्ञान मुळात कळपावर तावून-सुलाखून निघालेलं असतं. शंभर-दोनशे जनावरं रोज डोळ्यांसमोर चरतात, कुठला पाला खाल्ला की पोट फुगतं, कुठला टाळतात, आजारी मेंढी आपणहून कशाला तोंड लावते, हे बघणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तिथं उभा आहे. जंतांवर पळसपापडी, हगवणीवर कुड्याची साल, जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून. सीताफळाचं बी मात्र डोळ्यात गेलं तर डोळा जातो, तिथंही ‘पण’ आहेच. तळ हलवत कोकणाकडं, खानापूरच्या भातखाचरांकडं मेंढरं बसवायला जाताना ही माणसं माळाचं औषध रानात आणि रानाचं माळावर नेत आली. निपाणीजवळचं अक्कोळ हे बाळूमामांचं जन्मगाव. त्यांच्या नावानं फिरणारी मेंढरं आजही गावोगाव येतात. तळ पडला की मेंढक्यांशी बोला, आज्जींचं अर्धवट राहिलेलं पान तिथं पुरं होण्याचा संभव आहे.

इथं मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण तिची चर्चा नेहमी चुकीच्या बाजूनं होते. आपलं देशी ज्ञान म्हणजे हजारो वर्षं न बदललेलं, असं समजू नका. जखमेवर चोळतात तो दगडीपाला, ज्याला एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात, तो मूळचा अमेरिकेतला. सीताफळ तिकडचंच, फड्या निवडुंग आणि घायपातही तिकडचे. गेल्या काही शतकांत ते इथं आले आणि आपल्या माणसांनी त्यांची पारख करून त्यांना कामाला लावलं. यानं ज्ञानाची किंमत कमी होत नाही, वाढते. कुणीतरी मेंढका अनोळखी पाला बघून थांबला, चुरगळला, वास घेतला, मेंढीच्या जखमेवर आधी लावून बघितला. ही परीक्षा घेण्याची रीत हाच वारसा आहे. उपयोगी पडला नाही तो पाला लोकांनी सोडलाही. टणटणी माळभर पसरली, पण तिला आज्जींच्या बटव्यात फारशी जागा मिळाली नाही.

आणि जिथं हे ज्ञान पुरत नाही तिथं थांबायचं. साप चावला तर माळावर त्याला औषध नाही. आपल्या मुरमाड माळावर फुरसं आहे, नाग, घोणस, मण्यार आहे. मेंढके तळावर जमिनीवरच झोपतात आणि मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही. माझ्याकडे एकदा पहाटे एका सोळा वर्षांच्या पोराला घेऊन आले. रात्री फुरसं चावलं होतं, चार तास मुळी पाजण्यात आणि उतारा करण्यात गेले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी काहीही न देता माझ्याच गाडीतून त्याला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. प्रतिविषाच्या कितीतरी कुप्या लागल्या, वाचला, पण पायाची दोन बोटं गेली. मुळी पाजणारा माणूस वाईट नव्हता, त्याला वाटलं आपण जीव वाचवतोय. तुमच्या वहीत सापाच्या पानावर १०८ हा आकडा लिहा, पाय हलवू नका लिहा, आणि प्रतिविष कुठल्या दवाखान्यात आहे त्याचं नाव लिहा. आज्जींनी सांगितलेली मुळी त्याखाली, केवळ नोंद म्हणून. भाजणं, छातीत दुखणं, लहान मुलाची फेफरं, वाढत जाणारी कावीळ, या सगळ्यांना तोच नियम.

आता मोबाइलवर पाठवण्याचं. माझं उत्तर, सगळं पाठवू नका. एक कारण वर येऊन गेलं, ‘पण’ गळलेली ओळ धोक्याची असते. दुसरं कारण, ते ज्ञान तुमचं एकटीचं नाही, आज्जींचंही एकटीचं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक अनुसंधान परिषदेनं आव्हान दिलं, जुने लिखित पुरावे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुढं सरकारनं पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला, पण त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतलं ज्ञान आहे. आज्जींच्या तोंडचं त्यात कुठून येणार? दुष्काळात मेंढकी पोरं भूक मारायला माकडशिंगीच्या हिरव्या कांड्या चघळायची. तिच्याच अर्काच्या भूक कमी करणाऱ्या गोळ्या परदेशात बाटल्या भरून विकल्या गेल्या. माळावर मात्र ती आता शोधावी लागते.

लिहून ठेवायला कायद्यानं जागा दिलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारा, आपल्या गावची नोंदवही आहे का, आणि असली तर तिच्यात माळावर पाय ठेवलेल्या माणसाचं एक तरी वाक्य आहे का. काय नोंदवायचं आणि काय घरात ठेवायचं हे आज्जींना ठरवू द्या. त्यांना नीट समजावून सांगा, की हे पंचायतीच्या वहीत जाईल, हे शाळेत राहील, हे फक्त घरच्यांसाठी. आज्जी ‘हे न्हाई सांगायचं’ म्हणाल्या तर ते पान कोरं राहू द्या. आणि जे द्यायचं त्यावर त्यांचं नाव त्यांच्या परवानगीनं घाला. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आम्हा नोंदणीकृत वैद्यांना आणि ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाच्या वाटणीतून सूट मिळाली. वैद्य म्हणून ती माझ्या सोयीची आहे, पण ज्यांच्याकडून मी शिकले त्या मेंढक्यांच्या पदरात त्यानं काय पडलं, असा प्रश्न मला पडतो.

शेवटी तुमचा तिसरा प्रश्न, आणि माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा. माळावर झाडं लावून औषधी वनस्पती वाढतील का? नाही बाई, मरतील.

‘पडीक’ हा शब्दच मुळात घात करतो. सरकारी दप्तरात गवताळ जमीन कितीतरी ठिकाणी पडीक म्हणून लागलेली आहे. मग पडीक जमीन ‘सुधारायची’ योजना येते. पावसाळ्याआधी उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीच्या कामातून, किंवा जेसीबी लावून सलग चर खणतात. चर खणला की उपळसरी, खरपुडी, शतावरी कंदासकट उलथून उन्हात पडतात. वर पान नसल्यामुळं यंत्र चालवणाऱ्याला तिथं काही होतं हे दिसतही नाही. मग नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ लावतात. चार-पाच वर्षांत सावली पडते. गवत आणि माळावरची औषधी यांना लख्ख ऊन लागतं, सावलीत ती टिकत नाहीत. सड्यावरच्या एका डोंगरउतारावर मी लागवडीच्या आधी पावसाळ्यात विष्णुक्रांतेची निळी फुलं पायाखाली येतील इतकी पाहिली होती. आता तिथं वाळलेल्या पानांचा थर आहे, मेंढरांनाही त्यात काही नाही. मेंढरं गेली की मेंढका जातो, आणि श्रावणात बघून ठेवणारा डोळा त्याच्याबरोबर जातो.

आमचे जुने ग्रंथ माळाला पडीक म्हणत नाहीत. ‘जांगल’ देश म्हणतात, उघड्या आभाळाचा, थोड्या पाण्याचा, शमी-खैर-बोरीचा. औषधी जांगल किंवा ‘साधारण’, म्हणजे ना फार कोरड्या ना फार ओल्या, देशातली घ्यावी असं सांगतात. पुढं याच शब्दाचं ‘जंगल’ होऊन ते दाट रानाला लागलं आणि आपणही उघड्या माळाला काहीतरी कमी असलेलं रान समजायला लागलो.

तुम्ही शिक्षिका आहात, ग्रामसभेत तुमच्या शब्दाला वजन आहे. तिथं विरोध म्हणून बोलू नका, पर्याय घेऊन जा. झाडं हवीत तर ती रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, ओढ्याकाठी लावू. करंज, चिंच, भोकर, लिंब, पळस लावू. माळाचा एक तुकडा गायरान म्हणून तसाच ठेवू, पावसाळ्याचे पहिले दोन महिने चराई बंद, मग खुली, जशी पूर्वी पंच ठरवत तशी. तिथं चर नको, लागवड नको. आणि बोलताना नोंदवही पुढं ठेवा: या माळावर आमच्या आज्जींनी इतक्या औषधी दाखवल्या, हे त्यांचे नमुने. वाळलेली मुळी कागदावर चिकटवलेली दिसली की पंचांनाही ती माती पडीक म्हणवत नाही, हा माझा दोन गावांतला अनुभव आहे. एका तिसऱ्या गावात काही चाललं नाही, तेही सांगून ठेवते.

आज्जींना माळावर नेणं अगदीच जमत नसेल तर या पावसात एक करा. पोरांना पाठवून माळावरची मातीसकट पाच-सहा रोपं जुन्या घमेल्यात आणवा आणि त्यांच्या खाटेपाशी ठेवा. नाव विचारू नका. त्यांना हात लावू दे, पान चुरगळून वास घेऊ दे. आवाज टिपायला मोबाइल चालू करून बाजूला ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. वासाबरोबर त्यांना कुणाची तरी आठवण येईल, कुणाचा तरी ताप, कुणाचं तरी बाळंतपण. तिथून त्या जे सांगतील ते सांगतील त्याच क्रमानं, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. नंतर ती रोपं परत नेऊन जिथून उचलली तिथंच लावा. श्रावण आहे, लागतील.